‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ समीक्षकांनी खरंच झोडपला होता का?

प्रश्न थोडक्यात असा: चित्रपट-रसग्रहणाच्या वर्गासाठी ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ या 2002 च्या सिनेमावर टिपण लिहायचंय. एके ठिकाणी वाचलं की समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. दुसरीकडे 76 टक्के पसंती दिसते, तिसरीकडे 100 पैकी 62 गुण. यातलं खरं काय धरायचं? आणि पुढचे दोन भाग पाहायलाच हवेत का?

झोडपला नव्हता, हे आधी सांगून टाकतो. बहुतेकांनी ‘बघा, हरकत नाही’ म्हटलं, काहींनी मनापासून कौतुक केलं, थोड्यांनी नाक मुरडलं. ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ ही कहाणी नंतर रचली गेली, कारण कौतुकाच्या मानानं पैसा इतका प्रचंड आला की दोन्हींचा मेळ लागेना. पन्नास लाख डॉलरांत झालेल्या सिनेमानं अमेरिका-कॅनडात चोवीस कोटींच्या वर आणि जगभरात जवळजवळ सदतीस कोटी डॉलर मिळवले. असं झालं की मागे वळून बघणाऱ्याला वाटतंच, समीक्षकांना काही कळलं नसणार. मला मात्र वाटतं की त्यांनी दाखवलेले दोष जवळजवळ सगळे खरे होते. चुकला तो त्या दोषांचा हिशोब. मी वर्षानुवर्षं शुक्रवारची परीक्षणं लिहिली आहेत, आणि हा सिनेमा माझ्या वाट्याला आला असता तर मीही पाचपैकी तीनच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. शिकागोतली तूला पोर्तोकालोस तिशीची झाली तरी लग्नाची नाही, म्हणून घरचे हवालदिल. आईवडिलांचं ‘डान्सिंग झोर्बाज’ नावाचं हॉटेल, तिथेच ती राबते. मग ती कॉम्प्युटर शिकते, मावशीच्या ट्रॅव्हल एजन्सीत बसू लागते आणि इयन मिलर नावाच्या शिक्षकाच्या प्रेमात पडते. तो ग्रीक नाही, वर शाकाहारी. शेवटी तो ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतो आणि लग्न लागतं. यापलीकडे कथानक नाही.

आता आकडे. 76 आणि 62 एकमेकांशी भांडत नाहीत. परीक्षणं गोळा करणाऱ्या या दोन वेबसाइट: 76 टक्के रॉटन टोमॅटोजचे, 62 गुण मेटाक्रिटिकचे. रॉटन टोमॅटोज प्रत्येक परीक्षणावर ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ एवढाच शिक्का मारतं आणि चांगल्यांची टक्केवारी देतं. मेटाक्रिटिक निवडक समीक्षकांच्या परीक्षणांना शंभरपैकी गुण देतं आणि काहींच्या मताला जास्त वजन धरून सरासरी काढतं. समजा दहा जणांनी एका सिनेमाला पाचपैकी तीन स्टार दिले. पहिल्या पद्धतीत तो शंभर टक्के पसंतीचा ठरेल, दुसऱ्या पद्धतीत साठावर थांबेल. सिनेमा तोच, मतंही तीच. तेव्हा या दोन आकड्यांचा एकत्र अर्थ असा की चारातल्या तिघांनी ‘बघा’ म्हटलं, पण त्या तिघांतला क्वचितच कोणी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. टिपणात 76 हा आकडा ‘2002 चा निकाल’ म्हणून मात्र देऊ नका. त्या पानांवर नंतरच्या वर्षांत लिहिलेली परीक्षणंही जमा होत राहतात, आणि या सिनेमाच्या बाबतीत परीक्षण कधी लिहिलं याला फार महत्त्व आहे.

19 एप्रिल 2002 ला तो उत्तर अमेरिकेत फक्त 108 चित्रपटगृहांत लागला. वितरक आयएफसी फिल्म्स, म्हणजे छोट्या, स्वतंत्र सिनेमांची कंपनी. त्याच शुक्रवारी ‘द स्कॉर्पियन किंग’ धूमधडाक्यात आला होता, आणि दोन आठवड्यांनी ‘स्पायडर-मॅन’ येऊन सगळे विक्रम मोडणार होता. पहिल्या शनिवार-रविवारची आपल्या ग्रीक लग्नाची कमाई सहा लाख डॉलरांच्या आत. नायिका आणि लेखिका निया वार्दालोस हे नाव कोणाला माहीत नव्हतं. नायक जॉन कॉर्बेट टीव्हीवरून ओळखीचा, एवढंच. निर्मात्यांत टॉम हँक्स आणि रीटा विल्सन होते, त्यामुळे थोडं कुतूहल.

अशा सिनेमाबद्दल लिहिताना समीक्षकाचा हात आपोआप सैल होतो. समोर मोठा स्टुडिओ नाही, जाहिरातींचा भडिमार नाही, अपेक्षा नाहीत. चार हसरे प्रसंग सापडले तरी माणूस खूश होऊन निघतो. एप्रिलमधल्या परीक्षणांचा सूर बराचसा असाच होता. ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये रॉजर ईबर्टनं चारपैकी तीन स्टार दिले. त्याला भावलं ते हे की यातली माणसं खऱ्या माणसांसारखी दिसतात. वाचायला साधं वाटतं, पण मला हे त्या वर्षातलं या सिनेमाबद्दलचं सर्वांत नेमकं निरीक्षण वाटतं. तेव्हाच्या रोमँटिक कॉमेडीत ‘कुरूप’ नायिका म्हणजे चष्मा लावलेली मॉडेल असायची. इथेही चष्मा उतरतो, केस कुरळे होतात, तो बदल ठरलेल्या पठडीतलाच आहे. पण उतरल्यावरही खाली उरते ती एक साधीसुधी, थोडी अवघडलेली बाई, आणि ती बदलते इयननं तिच्याकडे वळून बघण्याच्या आधी, स्वतःच्या कारणांनी. तो क्रम तपासून पाहा. वर्ग, कॉन्टॅक्ट लेन्स, नवी नोकरी, आणि मग प्रेम.

ज्येष्ठ नटांचंही त्या परीक्षणांत कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. वडील गस झालेला मायकेल कॉन्स्टंटाइन ‘रूम 222’ या जुन्या मालिकेसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळवलेला नट. आई मारिया म्हणजे लेनी कझान. वूला मावशी झालेली अँड्रिया मार्टिन तर विनोदी स्केचेसमध्ये मुरलेली. या तिघांनी सिनेमा तोलून धरलाय.

आता तक्रारींकडे येतो. सगळ्यांत जास्त ऐकू आलेली तक्रार ही की हा सिनेमा म्हणजे टीव्हीवरची सिटकॉम, म्हणजे हलकीफुलकी विनोदी मालिका आहे, फक्त लांब आणि रेकॉर्डेड हशा काढून टाकलेली. तिला आधार होता. दिग्दर्शक जोएल झ्विक आयुष्यभर सिटकॉमच करत आला होता. ‘फुल हाउस’, ‘फॅमिली मॅटर्स’ आणि हँक्सची पहिली मालिका ‘बोझम बडीज’, सगळीकडे त्याचं काम आहे. सिनेमा बघताना ते लपत नाही. माणसं अर्धगोल करून कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी. खोलीत पुरेसा उजेड, कुठे सावली नाही. टाळीबाज वाक्य झालं की समोरच्याचा चेहरा, मग कट. शहर शिकागो असं सांगितलंय पण चित्रीकरण बहुतांशी टोरांटोतलं, आणि खरं सांगायचं तर कुठलंही असतं तरी चाललं असतं, इतकं शहर पार्श्वभूमीला पडलंय. दृश्यभाषेबद्दल लिहायला या सिनेमात जवळजवळ काही नाही. चित्रपट हे दृश्यमाध्यम आहे असं ज्याच्या मनावर ठसलंय त्या समीक्षकाची इथे उपासमार होणार.

पण ‘सिटकॉमसारखा’ म्हटल्यावर काम संपत नाही, ते सुरू होतं. मिलर दांपत्य व्याह्यांकडे पहिल्यांदा येतं तो प्रसंग घ्या. दोघांना वाटलंय की शांतपणे जेवण होईल. दारात उतरतात तर पुढच्या हिरवळीवर सळईवर अख्खं कोकरू भाजतंय आणि सगळं खानदान अंगणात. मिसेस मिलरच्या हातात भेट म्हणून केक आहे, बंट केक, मधोमध भोक असलेला. मारियाला तो शब्द कळत नाही. ती पुन्हा विचारते, मिसेस मिलर पुन्हा सांगतात, कोणी तरी मध्ये पडून ‘केक’ म्हणतं, मग मारियाचा चेहरा उजळतो, तोंडभर आभार. वळल्यावर ती हळूच म्हणते की या केकला भोक आहे. इथे कुठल्याही मालिकेत हशा पडून प्रसंग पुढे सरकला असता. या सिनेमात थोड्या वेळानं मारिया तोच केक घेऊन बाहेर येते, आणि मधल्या भोकात फुलझाडाची कुंडी ठेवलेली असते. तिनं पाहुण्यांच्या केकमधला दोष निस्तरलाय! त्या एका कृतीत त्या बाईचं सगळं घर आहे. पाहुण्यांची लाज राखायची, काही वाया घालवायचं नाही, आणि जे कळत नाही ते आपल्या पद्धतीनं सजवून टाकायचं. चित्रीकरण सपाट आहे, पण लेखन आणि अभिनय सपाट नाहीत. त्यानंतर वूला मावशी त्या बिचाऱ्या दोघांना ‘आता तुम्ही घरचेच’ म्हणून आपल्या मानेवरच्या गाठीची कथा ऐकवते. डॉक्टरांनी तपासली तर आत दात, मणका, म्हणजे ती तिची जुळी बहीण निघाली. मिलर पतिपत्नींचे चेहरे त्या वेळी फ्रेममध्ये नीट दिसत राहतात, आणि त्यासाठी झ्विकची ती साधी, समोरून लावलेली फ्रेमच कामी येते. कॅमेरा हलला असता तर तो हशा मेला असता.

‘सिटकॉम’ या तक्रारीची परीक्षा घेणारा एक प्रयोग पुढच्याच वर्षी आपोआप झाला. 2003 च्या फेब्रुवारीत सीबीएस वाहिनीवर ‘माय बिग फॅट ग्रीक लाइफ’ ही खरीखुरी सिटकॉम आली. निया वार्दालोस तीच, आईवडील तेच. कॉर्बेट नव्हता, त्याच्या जागी दुसरा नट आला, आणि पात्रांची नावंही बदलली. तूलाची निया झाली, इयनचा थॉमस. सात भागांत मालिका बंद पडली. सिनेमा नुसताच सिटकॉम असता तर सिटकॉम म्हणून तो चालायला हवा होता. मालिकेत काय हरवलं याचं माझं उत्तर असं की सिनेमात हे सगळं एका लग्नाकडे चाललेलं असतं. लग्न लागलं की घरातली ढवळाढवळ बघायची उत्सुकता संपते, उरतो तो नुसता गोंगाट. टिपणात या मालिकेला एक परिच्छेद जरूर द्या, बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकलेली असते.

दुसरी तक्रार ठोकळेबाज पात्रांची. गस सगळ्या दुखण्यांवर काच पुसायचा विंडेक्स फवारतो. घराला ग्रीक देवळासारखे खांब, गॅरेजच्या दारावर ग्रीसचा झेंडा. जगातला प्रत्येक शब्द मुळात ग्रीक असल्याचं तो सिद्ध करून दाखवतो, गाडीत एका शाळकरी मुलीनं विचारल्यावर ‘किमोनो’सुद्धा. दुसऱ्या बाजूला मिलर मंडळी इतकी फिकट की जणू त्यांच्या घरात कोणी मोठ्यानं कधी बोललंच नाही. ग्रीक म्हणजे गोंगाट, खाणं आणि थुंकून दृष्ट काढणं, गोरे प्रोटेस्टंट म्हणजे थंड आणि कोरडे, हे सरसकटीकरण खटकणाऱ्यांचं चुकलं नव्हतं.

बचावात नेहमी सांगतात ते असं की लेखिका स्वतः त्याच घरातली आहे. वार्दालोस कॅनडातल्या विनिपेगची, ग्रीक स्थलांतरितांची मुलगी. तिचा तेव्हाचा नवरा इयन गोमेझ ग्रीक नव्हता, लग्नासाठी त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि सिनेमात तो नायकाच्या मित्राचं छोटं काम करतो. हा मजकूर आधी तिनं लॉस एंजलिसमध्ये एकपात्री प्रयोग म्हणून केला. तिकिटं खपवायला ती ग्रीक चर्चच्या मंडळींकडे गेली, आणि त्या प्रयोगालाच रीटा विल्सन येऊन बसली, जिची आई ग्रीक वंशाची. चित्रपट कंपन्यांच्या लोकांनी घर ग्रीकऐवजी दुसऱ्या कुठल्या वंशाचं करायला आणि नायिका बदलायला सुचवलं होतं, तिनं ऐकलं नाही, हे तिनं मुलाखतींत सांगितलंय.

हा बचाव मला अर्धा पटतो. आपल्या घरची चेष्टा आपण करावी, हे ठीक. पण ती चेष्टा दुसऱ्यांच्या घरात जाऊन पोचते तेव्हा बाहेरचे लोक नेमकं कशाला हसताहेत हे लेखकाच्या हातात राहत नाही. सिनेमा टिकतो तो दुसऱ्या कारणानं. त्यातल्या बायकांना स्वतःचं डोकं आहे. तूलाला ट्रॅव्हल एजन्सीत पाठवायचं आई आणि मावशीनं आधीच ठरवलंय, पण गसला वाटलं पाहिजे की ही कल्पना त्याची. मावशी आपल्या दोन-दोन धंद्यांचं रडगाणं गाते, आई मान डोलावते, तूला अवाक होऊन बघते, आणि गस स्वतःच्या हुशारीवर खूश होत नेमकं हवं तेच सुचवतो. असा प्रसंग माजघरात बसून ऐकलेलं माणूसच लिहू जाणे. मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी तक्रार सर्वांत वजनदार, आणि तिच्याकडे मात्र कमी लोकांनी लक्ष दिलं असं मला वाटतं. या सिनेमात संघर्षच नाही. बाप रागावतो, इयन बाप्तिस्म्याला तयार होतो, रागाचा प्रश्न तिथेच मिटतो. त्यानंतरचा साधारण तिसरा हिस्सा नुसता लग्नाची तयारी आणि लग्न. इयनला स्वतःचं काही मतच नाही. धर्म बदलताना, प्लास्टिकच्या टबात उघड्या अंगानं बुडवून घेताना, आमंत्रणपत्रिकेवर आईवडिलांची नावं चुकतात तेव्हा, सगळीकडे तो गोड हसतो. कॉर्बेट ते हसू छान हसतो, पण पात्र रिकामं आहे. स्थलांतरितांच्या मुलीचं खरं दुखणं, म्हणजे घर सोडायचंही आणि घरातच राहायचंही, ते शेवटी बाप शेजारचंच घर भेट देतो तिथे हसण्यावारी सुटतं.

इथे मीरा नायरचा ‘मान्सून वेडिंग’ आठवतो, आणि तो फक्त मलाच आठवतो असं नाही. 2001 साली व्हेनिसचा गोल्डन लायन मिळवून तो फेब्रुवारी 2002 मध्ये अमेरिकेत लागला होता, म्हणजे ग्रीक लग्नाच्या दोन महिने आधी. दोन्हींत गजबजलेलं घर, दोन्हींत लग्न. पण दिल्लीच्या त्या पंजाबी घरात लग्नाच्या मध्यावर एक जुना लैंगिक अत्याचार उघड होतो आणि घरच्या कर्त्याला आपल्या उपकारकर्त्याला घराबाहेर काढावं लागतं. कॅमेराही तिथे माणसांमध्ये घुसून फिरतो. समीक्षकांनी त्याला जास्त मान दिला, आणि योग्यच केलं. अमेरिकेतली त्याची कमाई मात्र जेमतेम एक कोटी चाळीस लाख डॉलर, म्हणजे ग्रीक लग्नाच्या सतराव्या हिश्शाएवढी. परक्या भाषेतली वाक्यं आणि अवघड विषय यांची किंमत मोजावी लागतेच.

आता तारखांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. एप्रिलनंतर सिनेमा खाली उतरायचं नावच घेईना. दर आठवड्याला थोडी-थोडी चित्रपटगृहं वाढत गेली, आणि ऑगस्टअखेर, लेबर डेच्या सुट्टीच्या सुमारास, तो तिकीटखिडकीवर दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पहिल्यावर होता एम. नाइट श्यामलनचा ‘साइन्स’. ग्रीक लग्न पहिल्या क्रमांकावर एकदाही गेलं नाही, आणि तरी वर्षाच्या हिशोबात त्यानं ‘साइन्स’ला मागे टाकलं. त्या वर्षी त्याच्या पुढे होते फक्त ‘स्पायडर-मॅन’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, ‘स्टार वॉर्स’ आणि ‘हॅरी पॉटर’. पहिला क्रमांक न गाठता सर्वाधिक कमाई, हा त्याचा अमेरिकेतला विक्रम 2016 च्या ‘सिंग’नं मोडेपर्यंत टिकला.

ऑगस्टनंतर जे लिहिलं गेलं त्याला परीक्षण म्हणणं कठीण आहे. ते यशाबद्दलचे लेख होते. लोक एवढे का जाताहेत, सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर घराची ऊब हवीशी झालीय का, पन्नाशीच्या पुढच्या प्रेक्षकाला हॉलिवूड विसरलंय का, तोंडी प्रसिद्धी म्हणजे काय, वगैरे. ज्यांनी एप्रिलमध्ये ‘गोड’ म्हणून सोडून दिला होता त्यांच्याकडे संपादक पुन्हा मजकूर मागतो तेव्हा काय होतं हे मला ठाऊक आहे. मूळ मत तेवढंच असतं, पण आता समोर एक राक्षसी आकडा असतो आणि त्याच्यापुढे ते मत एक तर कमी पडतं किंवा रागावतं. एप्रिलमध्ये ‘साधा’ हे कौतुक होतं, ऑक्टोबरमध्ये ‘साधा’ हा आरोप झाला. सिनेमातली एक चौकटही बदललेली नव्हती. ‘समीक्षकांना आवडला नव्हता’ ही समजूत माझ्या मते या दुसऱ्या लाटेतून आली.

नावाचंही तसंच झालं. ‘माय बिग फॅट अमुकतमुक’ हा इंग्रजी मथळ्यांचा साचाच बनला, रिअॅलिटी शोंनी तो उचलला, आणि आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं आजही लग्नसराई आली की ‘बिग फॅट इंडियन वेडिंग’ छापतात. सिनेमा न पाहिलेल्यालाही नाव पाठ. असं झालं की मूळ कृती जरा उथळ वाटायला लागते.

पुरस्कारांच्या वेळी या दोन्ही सुरांचा समझोता झालेला दिसतो. ऑस्करचं एकच नामांकन, मूळ पटकथेचं. ऑस्कर पेद्रो अल्मोदोवारच्या ‘टॉक टू हर’कडे गेलं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. गोल्डन ग्लोबला विनोदी किंवा संगीतप्रधान सिनेमा आणि अभिनेत्री अशी दोन नामांकनं, नटांच्या संघटनेकडून सगळ्या नटसंचाचं एक, आणि स्वतंत्र सिनेमांसाठीच्या इंडिपेंडंट स्पिरिटचा पदार्पणातल्या अभिनयाचा पुरस्कार वार्दालोसला मिळाला. दिग्दर्शनाचं नाव कुठेच नाही. लेखन आणि नटसंच चांगला, बाकी कामचलाऊ: एप्रिलच्या परीक्षणांनी हेच तर म्हटलं होतं. उद्योगानं समीक्षकांचं मत जवळजवळ जसंच्या तसं मान्य केलं.

यानंतर वार्दालोसच्या वाट्याला आलेलं स्वागत हळूहळू कडवट होत गेलं. 2004 चा ‘कॉनी अँड कार्ला’ फारसा कोणाला भावला नाही. 2009 मध्ये कॉर्बेटबरोबर पुन्हा एकत्र येऊन, स्वतः लिहून-दिग्दर्शित केलेल्या ‘आय हेट व्हॅलेंटाइन्स डे’ला तर समीक्षकांनी खरंच झोडपलं. ‘झोडपणं’ कशाला म्हणतात हे बघायचं असेल तर ती परीक्षणं आणि पहिल्या सिनेमाची परीक्षणं शेजारी-शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. दुसरा भाग (2016) टिपणासाठी पाहायलाच हवा. सिनेमा म्हणून बेताचाच आहे. गस आणि मारियाच्या लग्नाच्या कागदावर पाद्र्याची सहीच नव्हती असं निघतं, मग म्हातारपणी पुन्हा लग्न. खर्च पहिल्याच्या साडेतीनपट, कमाई जगभरात नऊ कोटी डॉलरच्या आसपास, आणि रॉटन टोमॅटोजवर तिशीही गाठली नाही. पण त्याची परीक्षणं वाचा. बहुतेक समीक्षक दुसऱ्याला नावं ठेवताना पहिल्याची आठवण प्रेमानं काढतात. तोच विंडेक्स, तीच मावशी, तोच गोंगाट, आणि आता मात्र पहिला ‘ताजा’ आणि ‘खरा’ होता असं म्हटलं जातं. पहिल्या सिनेमाची किंमत चौदा वर्षांनी अशी आडमार्गानं वाढली. 2023 चा तिसरा वार्दालोसनं स्वतः दिग्दर्शित केला. कुटुंब ग्रीसला जातं आणि गस आता हयात नाही, कॉन्स्टंटाइन 2021 मध्ये गेला. तो वेळ असेल तर पाहा, टिपणात त्याला दोन ओळी पुरतील.

कात्रणं जमवताना ती वर्तमानपत्राप्रमाणे लावू नका, तारखेप्रमाणे लावा. एप्रिल-मे 2002 चा एक गठ्ठा, ऑगस्ट ते मार्च 2003 चा दुसरा, 2016 चा तिसरा. पहिल्या गठ्ठ्यात शिव्या शोधत बसाल तर फारशा सापडणार नाहीत. वर्गात दाखवायला एकच प्रसंग निवडायचा असेल तर केकचा निवडा, आणि कुंडी येईपर्यंत थांबवू नका.